दुसरा डाग

टेपवाडी, उमरठच्या वर, ता. पोलादपूर
२८ नोव्हेंबर २०२३

विद्यापीठातल्या तक्रार ऐकणाऱ्या साहेबांस गोदूबाईचं सांगणं असं की,

दिवाळीच्या आधी तुमची पोरंपोरी आरोग्य खात्याच्या गाडीतून उमरठपर्यंत आली आणि तिथून धापा टाकत आमच्या वाडीत चढली. तापाची पाहणी हाय म्हणाली. दरसाल गवतकापणीच्या दिवसांत आमच्याकडं ताप येतो, एखाददुसरं माणूस घेऊन जातो, तेव्हा पाहतायत तर पाहू द्या म्हटलं. घरोघर रक्त काढलं आणि जाताना एकेक छापील कागद दिला. तेच्यावर लिहिलंय की रक्त देणं तुमच्या मर्जीवर, तुमचं नाव कुठं फुटणार नाय, आणि तक्रार असल्यास खालच्या पत्त्यावर कळवावी. बाकीच्यांनी तेच्यात तंबाखू बांधली. मी कागद जपून ठेवला. फुकट मिळालेला पत्ता कधी उपयोगी पडेल सांगता येत नाय.

काल खालून नर्सबाई आल्या, बरोबर आमची आशाताई गौतमी. नर्सबाईंनी वाचून दाखवलं, की विद्यापीठ आणि आरोग्य खातं यांच्या संयुक्त पाहणीत टेपवाडीत तापाच्या अकरा माणसांच्या अंगावर भाजल्याच्या खुणा सापडल्या. तापावर तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची रीत इथं चालू हाय. आणि डाग देणारी बाई, गोदूबाई. तालुक्याचे डॉक्टर आमोद साहेब मला बोलावून समज देणार. पुन्हा दिला तर पोलीस.

मी डाग देत होते. खोटं कशाला बोलू. लंगड्या गुरांना दिलाय, माणसांना पण दिलाय. पण तीन वर्षं झाली, डागणी माळ्यावर टाकली ती टाकली. त्या अकरांतला एकही डाग माझा नाय.

तुम्ही शिकलेली माणसं, नाव फुटणार नाय असं लिहून दिलंत आणि फोडलंत ते माझंच. आणि ते पण खोट्यात. हे कसं काय ते कळवा.

मी शाळेत दुसरीपर्यंत. पुढचं साक्षरता वर्गात. लिहिण्यातल्या चुका पोटात घाला, तक्रार पोटात घालू नका.

गोदूबाई


मुंबई
९ डिसेंबर २०२३

गोदूबाई आजींना चारुलताचा नमस्कार.

तक्रारी ऐकण्यासाठी आमच्याकडे एक समिती आहे. त्यांनी तुमचं पत्र माझ्याकडे दिलं, कारण तक्रार आहे ती माझ्याविरुद्धच. टेपवाडीची पाहणी माझ्या हाताखाली झाली आणि अहवालातलं ते पान मी लिहिलं. अकरा खुणांचा तक्ता वेगळा आणि नावं वेगळी, असं खात्याकडे जायला हवं होतं. मी दोन्ही एकत्र पाठवलं. ही माझी चूक आहे. डॉक्टर आमोद यांना फोन करून मी थांबायला सांगितलंय. ते म्हणाले, जानेवारीअखेरपर्यंत थांबतो, तोवर तुमचं काय ते नक्की करा.

डाग तुमचा नाही, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. अकरांपैकी चौघा पुरुषांच्या खुणांचे फोटो आहेत. उरलेल्या सात बायकांनी नुसतं ‘आहे’ म्हटलं, आणि आमच्या मुलींनी ‘भाजल्याची खूण’ या चौकटीत बरोबरची खूण केली. काही जणांनी तुमचं नाव सांगितलं. कोणी, ते मी सांगणार नाही. एकदा नाव फोडून झालंय, दुसऱ्यांदा नको.

मला विचारायचंय ते असं. तुमच्या डागणीचा आकार कसा असतो? डाग अंगावर कुठे देतात? आणि तुम्ही दिला नाही, तर तापातल्या माणसांनी दिला असं का सांगावं?

आणखी एक. मी महाडची. माझे वडील गंगाधर गुरुजी तुमच्या बाजूला साक्षरता वर्ग घ्यायचे. नाव न सांगता तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी त्यांना फोनवर वाचून दाखवल्या. म्हणाले, ‘ही टेपवाडीची गोदू. ती शिकायला यायची की मला शिकवायला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.’

आपली,
चारुलता


टेपवाडी
२० डिसेंबर २०२३

चारूबाय,

गुरुजींची पोरगी म्हणजे तुला अहोजाहो करायचं कारण नाय. गुरुजींना सांग, मी अजून ळ उलटा काढते, आता सुधारणार नाय.

सोबतचा कागद बघ. माळ्यावरची डागणी उतरवली, कोळशानं काळी केली आणि कागदावर दाबली. अर्धा चंद्र हाय. माझ्या सासूची डागणी, घावनाळे लोहाराकडून केलेली, दुसऱ्या कुणाकडं असली नाय. डाग देतात तो पोटावर बेंबीच्या वर, नायतर सांध्यावर. काखेत कोण देतो? जांघेत कोण देतो?

तू विचारलंस म्हणून मी घरोघर फिरले. तुझ्या पोरींना बायांनी दाखवलं नाय, मला दाखवलं. सातही जणींचा बघितला. एकीचा काखेत, तिघींचा छातीच्या खाली, दोघींचा जांघेत, एकीचा कमरेवर, साडीची गाठ बसते तिथं. भुईमुगाच्या अर्ध्या दाण्याएवढा गोल, मधे काळी खपली, कडेनं लाल. काहींचा आता सुकून गेलाय. विडीचा चटका बसावा तसा दिसतो. पण मी दाबून विचारलं, दुखलं होतं का? एकीलाही दुखलं नाय. चटका बसला आणि दुखला नाय, असं कधी होतं का? माझा डाग महिनाभर ठणकतो. मला ठाऊक हाय, माझ्या स्वतःच्या पोटावर हाय एक.

आता तुझं तिसरं. आमच्यात डाग कधी देतात, तर माणूस तापात बरळायला लागल्यावर. चौघं धरतात. देणाऱ्याचं नाव रोग्याला सांगायचं नाय, आणि रोग्यानं विचारायचं नाय. विचारलं की गुण जातो. आणि एका तापात एकच डाग, दोन झाले की माणूस जातो. कुणी ठरवलं मला ठाऊक नाय, सासूच्या सासूपासून हाय. मग होतं काय, माणूस तापातून उठतो, अंगावर काळा डाग बघतो, आपल्याला दिला असणार असं धरून गप्प बसतो. बाकीचे पण गप्प, तेंना वाटतं दुसऱ्या कुणी दिला. अख्ख्या वाडीत कुणी कुणाला विचारत नाय. तुझी पोरं पहिली, ज्यांनी विचारलं.

सातव्या बाईचं सांगते. ती माझी सून मीना. तिचा कमरेवर हाय. ती तापात होती तेव्हा मी पाच दिवस उंबरा ओलांडला नाय, घरात दुसरं कुणी आलं नाय. म्हटलं, मीना, तुला कुणी दिला? ती भांडी घासत होती. म्हणाली, विचारायचं नसतं. म्हटलं, तू कुठं विचारतेस, मी विचारते. तर म्हणते, ‘घरात दुसरं कोण होतं, आत्या?’

म्हणजे माझं नाव माझ्याच घरातून गेलं. तू सांगितलं नाहीस, मी काढलं. आता तू काढ, की हा डाग कुणाचा.

गोदूबाई


मुंबई
४ जानेवारी २०२४

गोदूआजी,

तुमचा कागद मी टेबलावर ठेवला आणि शेजारी ते चार फोटो. पाच मिनिटांत मला माझी लाज वाटली. एकही खूण अर्धचंद्र नाही. ‘दुखत नाही’ हे तुमचं वाक्य मी आमच्या रोगजंतू विभागातल्या ईरा मॅडमना वाचून दाखवलं, तर त्या खुर्चीतून उठल्याच.

गवतात आणि झुडपांत एक कीड असते. गोचिडीच्या नात्यातली, पण इतकी बारीक, की डोळ्यांना दिसली तर दिसते. तिची पिल्लं माणसाला चावतात, तीही कपडा जिथे घट्ट बसतो तिथे. चावलेलं कळत नाही. तिथे काळी खपली धरते, न दुखणारी, आणि आठ-दहा दिवसांनी ताप चढतो. तुम्ही ज्या जागा लिहिल्यात, त्या जशाच्या तशा आमच्या पुस्तकात आहेत. या तापाला साधी गोळी आहे, वेळेत दिली तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर माणूस हाताला लागत नाही.

पण हे सगळं अजून माझ्या मनातलं. रक्त तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. तुमच्या वाडीचं रक्त आमच्या शीतपेटीत आहे, पण ते खात्याच्या मालकीचं. त्यांनी दोनच ताप तपासायला सांगितले होते, दोन्ही निघाले नाहीत. तिसरा तपासायला त्यांची लेखी परवानगी लागते. मी पत्र पाठवलंय.

तोवर एवढं करा. ताप आणि अशी खपली एकत्र दिसली, तर त्याच दिवशी उपकेंद्रात न्या. डागणी नको.

आपली,
चारू


टेपवाडी
१९ जानेवारी २०२४

चारू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला पडलेले प्रश्न लिहिते, तू एकेकाचं उत्तर दे, पुस्तक बघून दे.

ही कीड एवढीशी, तर तुम्हाला ती सापडली कशी? पिल्लं चावतात म्हणतेस, मग मोठी झाल्यावर काय खातात? पोरं माणसाला चावतात आणि थोरं गप्प बसतात, हे तर आमच्या वाडीच्या उलटं झालं. गुरं दिवसभर गवतात, मग तेंना ताप का नाय? आणि बाया जास्त कशा? पुरुष उभ्यानं भारे बांधतात आणि बाया बसून कापतात, तेच्यामुळं? आम्ही धुतलेली लुगडी करवंदीच्या जाळीवर वाळत घालतो, तिथून पण चढत असेल का?

तुमची संयुक्त पाहणी मात्र मला नीट कळली. रक्त तुमच्या घरी आणि हुकूम तेंच्या घरी. जोडीनं काम करणं म्हणजे काय ते आम्हाला विचार. इथं प्रत्येकाकडं एकच बैल. माझा कैऱ्या आणि भिकूचा मोऱ्या अशी आमची जोडी होती, बारा वर्षं. भिकू म्हणजे बांधापलीकडचा, नात्यानं दीर लागतो. त्या बारा वर्षांत बैल कुणाचा, नांगर कुणाचा, याची लेखी परवानगी कुणी मागितली नाय. एक बैल बसला की दुसरा उभा राहतो, एवढंच. आता ती जोडी नाय, म्हणून मला उमरठहून बैल मागून आणावा लागतो, ती गोष्ट वेगळी.

परवानगीचं मी बघते. शनिवारी मला पोलादपूरला जायचंच हाय.

शेवटचं विचारते. मेलेल्या माणसाला हा ताप होता का, हे काढता येतं का? रक्त नसलं तर? सहज विचारते.

गोदूबाई


मुंबई
२ मार्च २०२४

गोदूआजी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. आधी बातमी. तुमच्या वाडीच्या अकरांपैकी नऊ जणांच्या रक्तात तो ताप निघाला. मीनाताईंच्याही. निकाल ज्याचा त्याला गौतमी घरी येऊन सांगेल, चारचौघांत नाही.

परवानगी कशी मिळाली ते मला डॉक्टर आमोद यांच्याकडून कळलं. म्हणाले, ‘एक आजी माझ्या दारासमोरच्या बाकावर सकाळी नऊपासून बसली होती. समज घ्यायला आले म्हणाली. मी म्हटलं, अजून तारीख दिली नाही. तर म्हणाली, मग आलेच आहे तर एक सही द्या.’ त्यांनी हसत सांगितलं, पण सही त्याच दिवशी केली आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मोठी झालेली कीड मातीत राहते आणि दुसऱ्या किड्यांची अंडी खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. ही कीड पहिल्यांदा कुणाला कशी सापडली, ते ईरा मॅडमनाही नीट सांगता आलं नाही, त्या शोधतायत. बसून कापणं आणि जाळीवरचे कपडे, दोन्ही बरोबर. खरं सांगू? जाळीवरचे कपडे हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. गुरांचं मला माहीत नाही. इथे कुणालाच नीट माहीत नाही. ते आपण शोधायला हवं.

मेलेल्या माणसाचं. रक्त नसेल तर कागदावर सिद्ध करता येत नाही. पण खपली कुठे होती, कशी होती, तापाच्या कितव्या दिवशी दिसली, हे कुणी नीट पाहिलं असेल, तर बरंच सांगता येतं. तुम्ही सहज विचारलंत, मीही सहज विचारते. कोण होतं?

आणि तुमची जोडी का मोडली?

चारू


टेपवाडी
१४ मार्च २०२४

चारू,

तू दोन प्रश्न विचारलेस. तेंचं उत्तर एकच हाय.

माझा मुलगा नीलेश. मीनाचा नवरा. मुंबईला कारखान्यात होता, टाळेबंदीत परत आला. साल दोन हजार वीस. गवतकापणीला आमच्याबरोबर आला, सवय मोडलेली, बसून कापत होता बायांसारखा. मी हसले पण होते तेला. अश्विनात ताप भरला. चौथ्या दिवशी बरळायला लागला. गाड्या बंद, खाली न्यायला कुणी तयार नाय, जो तो लांब उभा. मी डागणी तापवली. पोटावर दिला. तिघांनी धरला होता, चौथा भिकू. नवव्या दिवशी गेला.

आंघोळ घालताना मीनानं तेचा करगोटा सोडला. करगोट्याखाली, डाव्या बाजूला, दुसरा डाग होता. काळा, गोल. माझा नव्हता. मीनानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. कुणी कुणाला विचारलं नाय.

मी समजून गेले. पाचव्या दिवशी मी जळण आणायला गेले होते, तेव्हा भिकू घरात बसला होता. भिकूच्या घरी पण डागणी हाय, तेच्या बापाची, ती गोल. मी म्हटलं, हा दुसरा डाग भिकूचा. एका तापात दोन झाले. तेव्हापासून भिकूशी बोलले नाय आणि माझी डागणी माळ्यावर टाकली. बैलजोडी तिथंच सुटली.

डाग नीट पाहिला होता का विचारतेस. रोज दिसतो. भुईमुगाच्या अर्ध्या दाण्याएवढा. मीनाच्या कमरेवरचा पाहिला, तेव्हाच मला तो आठवला होता. तुला तेव्हा लिहिलं नाय.

आता तू सांग. गोड करून सांगू नकोस.

गोदूबाई


मुंबई
२७ मार्च २०२४

गोदूआजी,

गोड करत नाही.

ही खपली ताप चढायच्या आधी किंवा चढता चढता धरते, जिथे कीड चावली तिथे. म्हणजे चौथ्या दिवशी तुम्ही डागणी तापवलीत, तेव्हा नीलेशदादाच्या कमरेवर तो दुसरा डाग आधीपासून होता. करगोट्याखाली असल्यामुळे कुणाला दिसला नाही. तो भिकूकाकांनी दिलेला नाही. कुणीच दिलेला नाही. मी कागदावर सिद्ध करू शकत नाही, पण मला शंका नाही. ईरा मॅडमनाही नाही.

तुमच्या डागानं गेला का, हे तुम्ही विचारलं नाहीत. म्हणून सांगते. डागानं गेला नाही. तापानं गेला. डागानं उपयोगही झाला नाही, उगीच दुखलं असेल.

आणि एक सांगायलाच हवं. त्या वर्षीच्या औषधांच्या नोंदी मी मागवून पाहिल्या. जी गोळी लागते, ती त्या दिवसांत खालच्या उपकेंद्राच्या कपाटात होती, दुसऱ्या आजारांसाठी आलेली. ती या तापावर द्यायची, हे वर तुम्हाला माहीत नव्हतं आणि खाली कुणालाही नाही. आम्हीही तेव्हा तिकडे फिरकलो नव्हतो.

माझा अहवाल मी मागे घेतला. ‘डाग देण्याची रीत चालू’ हे वाक्य खोडून, चूक माझी असं लिहून नवा दिला. आमच्या प्रमुखांना ते आवडलं नाही. पुढच्या पाहणीचं काम माझ्याकडे राहील की नाही, हे दोन महिने ठरत नाहीये. मार्चचं उत्तर लांबलं ते यामुळे. तुम्हाला लिहिलं नव्हतं. अजूनही ठरलेलं नाही.

चारू


टेपवाडी
२० एप्रिल २०२४

चारू,

तुझं पत्र मी मीनाला वाचायला दिलं. ती दहावी हाय, घडाघडा वाचते. वाचून झाल्यावर घडी घालत म्हणाली, ‘मला वाटायचं, दोन्ही तुम्हीच दिले.’ म्हटलं, मला वाटायचं एक भिकूचा. ती उठून गुरांकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहात साखर होती. तीन वर्षं ती विसरत होती.

मग मी बांध ओलांडून गेले. भिकू गोठ्यात शेण भरत होता. म्हटलं, भिकू. तेनं वर न बघता म्हटलं, ‘बोल वहिनी.’ जसं काय कालचं बोलणं अर्धं राहिलं होतं.

‘नीलेशला दुसरा डाग तू दिलास?’

‘विचारायचं नसतं.’

‘मी विचारतेय.’

‘मी कशाला देईन? तू दिलास तेव्हा पाय कुणी धरले होते? एका तापात दोन देत नाय, हे मला कळत नाय?’

‘मग पाचव्या दिवशी घरात काय करत होतास?’

‘पाणी पाजत होतो. तहान तहान करत होता.’

मी खाली बसले. शेणातच बसले. म्हटलं, मग तीन वर्षं माझ्याशी बोलला का नाहीस? तर म्हणतो, ‘तू बोलत नव्हतीस म्हणून. मला वाटलं बैलावरून. मोऱ्यानं कैऱ्याला शिंग मारलं होतं ना, त्या श्रावणात.’

तीन वर्षं हा माणूस बैलावरून समजत होता. मी तेला तुझं पत्र वाचून दाखवलं. कपाटातल्या गोळीपर्यंत आले आणि थांबले. तो म्हणाला, ‘वाच की.’ वाचलं. तेनं फावड्याला लागलेलं शेण खरवडलं. मग म्हणाला, ‘मिरगाला कैऱ्या देशील का? उमरठवाल्याचा बैल वळत नाय.’

आमची परवानगी एवढीच असते.

डागणी गौतमीबरोबर खाली धाडते, डॉक्टर आमोद साहेबांची गाडी मुंबईला जाईल तेव्हा तुला मिळेल. तुझ्या पोरांना दाखव, म्हणजे डाग कोणता आणि चावा कोणता, तेंना कळेल. भिकूची पण मागितली, तो म्हणाला बघू. तुझं काम राहिलं की गेलं, ते लिहायचं नाय असं करू नकोस.

गोदूबाई


मुंबई
१० सप्टेंबर २०२४

गोदूआजी,

काम राहिलं. डॉक्टर आमोद यांनी खात्याकडून लेखी मागणी केली, की पाहणी करायची तर हीच बाई हवी, हिची चूक तरी आम्हाला ठाऊक आहे. अशी शिफारस मी पहिल्यांदा पाहिली.

या वर्षी रीत बदललीय. तपासायचे ताप कोणते, हे खातं आणि आम्ही एकाच टेबलाशी बसून ठरवलं. गोळ्या नर्सबाईंकडे आहेत, आणि पहिली मात्रा गौतमीच्या पिशवीत. खपली दिसली की तिनं वरच्या खडकावर, जिथे रेंज येते, तिथून फोन करायचा, खालून हो आलं की पहिली गोळी तिथेच द्यायची आणि मग माणूस खाली आणायचा. बायकांना तपासायला प्रत्येक वाडीत त्यांच्यातलीच एक बाई. टेपवाडीत कोण, ते तुम्हाला सांगायला नको. जाळीवरचे कपडे हा प्रश्न फॉर्ममध्ये आलाय, सोळावा.

तुमची डागणी माझ्या कपाटात आहे. मुलं हातात घेतात आणि फोटोंतल्या खुणांशी ताडून बघतात.

यंदाची गवतकापणी कधी लागतेय?

चारू


टेपवाडी
२८ ऑक्टोबर २०२४

चारू,

दसऱ्याच्या आधीच लागली. पहिले चार ताप चार दिवसांत उतरले, तेंचं गौतमीनं कागदावर कळवलंच असेल. पाचव्याचं मी कळवते.

भिकू. दुसऱ्या दिवशीच बरळायला लागला, वय झालं. तेची बायको चंद्रभागा धावत आली, ‘गोदूबाय, चल, यांची डागणी तापत घातलीय.’ मी गेले तर डागणी चुलीत लाल झालेली, चौघं जमलेले, वाट माझी बघत होते. मी म्हटलं, धरा. तेंनी धरला. चंद्रभागेनं डागणी पुढं केली. म्हटलं, ती तिथंच राहू दे, सदरा काढा.

डाग द्यायला धरतात तसाच धरला होता, पण बघायला. काखा बघितल्या, करगोटा सोडून बघितला, जांघा बघितल्या. तिथं लाजायला भिकू शुद्धीवर नव्हता आणि मी लाजायच्या वयात नाय. सापडेना. चंद्रभागा म्हणाली, उशीर होतोय, द्या एकदाचा. म्हटलं, थांब, अजून माणूस संपला नाय. उजव्या गुडघ्याच्या मागं, घडीत, सापडला. गोल, काळा. दाबला, तर दुखला नाय.

गौतमी खडकावर पळाली. खालून हो आलं. गोळी मी माझ्या हातानं तेच्या जिभेवर ठेवली, दोन घोट पाणी, घसा चोळला तेव्हा उतरली. मग डोली करून खाली नेला. डोलीला पुढं मीना होती. उपकेंद्रात तीन रात्री ठेवला. चौथ्या दिवशी उठून बसला आणि चहा मागितला.

मी गेले होते बघायला. बाकीचे पण होते, तेच चौघं. भिकूनं कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘मला कुणी दिलं?’

चंद्रभागा भिंतीकडं बघायला लागली. आमच्यात विचारत नाय.

मी म्हटलं, मी दिली. गोळी. गोदूनं.

तो म्हणाला, ‘घशात अडकली होती.’

मग कप उचलला.

गोदूबाई